पाच महिन्यांची फट: माझा जर्मन नागरिकत्वाचा अनुभव

२०२४ च्या दिवाळीत नाशिकला आलो तो जर्मन नागरिकत्वाचा अर्ज सोबत घेऊनच. सिडकोतल्या घरी फराळाचे डबे बाजूला सारून टेबलावर कागद मांडले. बाबा सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कागद स्वतः वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "पैसे किती दाखवावे लागतात?"

आकडा असा नाहीच. बँकेत अमुक इतकी रक्कम हवी असं कायदा म्हणत नाही. सरकारी मदतीवाचून तुमचं आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्यांचं भागतं का, हे बघतात. म्हणून पगाराच्या पावत्या, नोकरीचं पत्र, घरभाड्याचा करार आणि पेन्शन विम्याचा उतारा जोडायचा. हा उतारा म्हणजे माणसाचा सातबाराच. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत काम केलं, किती भरणा झाला, सगळं ओळीने छापलेलं. माझ्या उताऱ्यात २०२१ मधले पाच महिने बेकारीचे होते. कंपनीने आमचा विभागच बंद केला होता.

त्या एका ओळीने माझी कित्येक रात्रींची झोप घालवली. बाबांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि काही न बोलता कागद परत माझ्याकडे सरकवला. त्यांनी आयुष्यात कधी कुणाकडून उसने पैसे घेतले नाहीत, त्यामुळे ते बोट ठेवणं मला लागलं. पण मी घेतलेला भत्ता बेकारी विम्याचा होता, पगारातून दरमहा कापल्या गेलेल्या हप्त्यांवर मिळणारा. आड येते ती ब्युर्गरगेल्डसारखी निर्वाहाची मदत. हा फरक मला सल्ला केंद्रातल्या एका बाईंनी शांतपणे समजावला होता. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मी त्या पाच महिन्यांचा खुलासा वेगळ्या पानावर लिहिला, पुढच्या नोकरीचे कागद जोडले. तुमच्या नोंदीत अशी फट असेल तर ती झाकू नका. त्यांना ती दिसणारच असते.

चारित्र्यासाठी शेजाऱ्यांचा दाखला लागेल असं आईला वाटलं होतं. तसं काही नसतं. पोलीस आणि संविधान-संरक्षण खात्याकडे (तिथली देशांतर्गत गुप्तचर यंत्रणा) नागरिकत्व कार्यालय स्वतःच विचारणा करतं. तिथे गुन्ह्याचा दंड रोजच्या मिळकतीच्या पटीत लावतात आणि असा ९० दिवसांपर्यंतचा दंड सहसा आड येत नाही. मात्र गुन्हा ज्यूद्वेषातून किंवा वंशद्वेषातून झाला असेल तर ही सूट मिळत नाही, आणि ते मला अगदी योग्य वाटतं. माझ्या नावावर वेगमर्यादा ओलांडल्याचा एक दंड होता. तो गुन्ह्यात मोडत नाही, तरी पावती शोधून ठेवली.

२०२४ च्या नव्या कायद्यानुसार नाझी राजवटीमुळे जर्मनीवर आलेली विशेष जबाबदारी आणि ज्यू लोकांच्या जीवनाचं रक्षण मान्य असल्याचंही लिहून द्यावं लागतं. तो मजकूर मी बाबांना मराठीत सांगितला. "नुसती सही नको करू, पटत असेल तरच कर," ते म्हणाले. पटत होतं.

जर्मन भाषेचं बी-वन पातळीचं प्रमाणपत्र आधीच होतं. नागरिकत्वाच्या चाचणीत ३३ पैकी १७ उत्तरं बरोबर लागतात, तीही झाली होती. अडलं जन्मदाखल्यावर: नावाचा रकाना कोरा, फक्त 'मुलगा' एवढंच. नाव चढवून घेण्यात सुट्टीतले चार दिवस गेले.

अर्ज दिल्यावर अकरा महिन्यांनी पत्र आलं. २५५ युरो शुल्क भरलं, प्रमाणपत्र हातात पडलं. २७ जून २०२४ पासून जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला लावत नाही, पण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागला. तो रद्द झाल्याचा शिक्का बसून परत आला.

शेवटच्या पानावर बाबांचं नाव, आईचं नाव, खाली सिडकोचा पत्ता. आईने तो घराच्या कागदांच्या फायलीत, माझ्या जन्मदाखल्याखाली ठेवलाय.