आतकरवाडी ते पुणे दरवाजा : चौदा आठवड्यांची वही

काल सिंहगडाच्या पुणे दरवाज्यात पाय ठेवला आणि घड्याळ थांबवलं. ६१ मिनिटं. जुलैच्या शेवटच्या रविवारी याच वाटेला ८४ मिनिटं लागली होती आणि त्यातली बरीचशी मी दगडावर बसून धापा टाकण्यात घालवली होती. तासाच्या आत यायचं ठरवलंय. त्याला अजून एक-दोन मिनिटं कमी पडतायत, पण चौदा आठवडे झाले म्हणून वहीतल्या नोंदी मांडते.

सिंहगड पायथ्यापासून न चढलेल्यांसाठी : आतकरवाडीतून पुणे दरवाज्यापर्यंतची वाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आहे आणि चढाई साधारण ६०० मीटरची. सपाट तुकडा जवळजवळ नाहीच.

आधी व्यायामाला वेळ कसा काढते त्याबद्दल, कारण मला सगळे तेच विचारतात. मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहा ते पाच लेक्चर आणि प्रॅक्टिकल, त्यानंतर जर्नल, सेमिनार, नेट-सेटचा अभ्यास. पहिलं वर्षभर मी रोज संध्याकाळी सहाला पळायला जायचं ठरवत होते आणि रोज ते राहून जात होतं. रिअ‍ॅक्शन पाचला संपेलच असं नसतं. संपली तरी काचेची भांडी धुवून, टीएलसी (रिअ‍ॅक्शन पूर्ण झाली का ते तपासायची चाचणी) बघून बाहेर पडेपर्यंत सात वाजतात आणि पोटात कावळे ओरडत असतात. मला वाटायचं आपल्यात जिद्दच नाही. खरं तर मी दिवसातली सगळ्यात बेभरवशाची वेळ निवडली होती.

सकाळचं तसं नाही. मेसचा नाश्ता साडेआठला असतो, तो कधी हलत नाही. म्हणून नाश्त्यापासून मागे मोजत गेले. कोथरूडला कॉट बेसिसवर राहते, एआरएआय टेकडी चालत पंधरा मिनिटांवर. सव्वासहाला निघालं तर टेकडीवरच्या वेताळाच्या देवळापर्यंत जाऊन, आंघोळ करून, साडेआठला ताटावर बसता येतं. अडचण होती फाटकाची, ते साडेसहाशिवाय उघडत नसे. घरमालकीण काकूंना भीतभीतच विचारलं. त्यांनी किल्लीच काढून दिली. म्हणाल्या, "ने गं, पण अंधारात एकटी टेकडीवर जायचं नाही हं." म्हणून रूममेटला सोबत घेतलं. ती ढोलताशा पथकात आहे, तिला कमरेला ढोल बांधून तासन्‌तास उभं राहायचं असतं, त्यामुळे दमसास तिलाही हवाच होता. माझ्या चौदा आठवड्यांचं निम्मं श्रेय तिचं. ती दारात बूट घालून उभी असताना पांघरूण ओढून घेणं मला एकदाही जमलं नाही.

आठवड्याची घडी अशी बसलीय : मंगळवार-गुरुवार टेकडी, पाऊण तास. बुधवार-शुक्रवार खोलीतच पंधरा मिनिटं : बारा सूर्यनमस्कार, बैठका, आणि जिन्याच्या पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरण्याचा व्यायाम. रविवारी गड. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ मिनिटं जोमाचा व्यायाम करायला सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. या घडीत ते सगळं बसतं आणि जिमची फी लागत नाही.

आता गडाची वही.

पहिला रविवार, ८४ मिनिटं. पाऊस, धुकं आणि गर्दी. कॅनव्हासचे बूट ओल्या दगडावर घसरत होते. खाली उतरल्यावर मांड्या थरथरत होत्या आणि सोमवारी डिपार्टमेंटचे जिने कठड्याला धरून उतरले. उतारावर स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, म्हणून चढण्यापेक्षा उतरण्याने अंग जास्त दुखतं. तो जिन्याचा व्यायाम त्यासाठीच सुरू केला. महिन्याभरात सोमवारचं दुखणं थांबलं.

चौथा, ७९. अर्ध्या वाटेवरच्या सरबताच्या टपरीपाशी ३१ मिनिटं होती, म्हणजे वरच्या अर्ध्याला ४८. इथे एक काका भेटले, कित्येक वर्षं दर रविवारी चढणारे. माझी धाप ऐकून म्हणाले, "सुरुवातीला पळतेस आणि मग बसतेस. चढताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना तर पाय हळू कर, थांबू नकोस." मला ते पटायला दोन रविवार लागले.

सहावा, ७२. टपरीपाशी मुद्दाम ३४ मिनिटांनी पोचले, वर ३८ लागली आणि एकदाही बसले नाही. चौदा आठवड्यांत मला सगळ्यात जास्त आनंद या नोंदीचा आहे, कालच्या ६१ पेक्षाही. खालचा निम्मा भाग हळू गेले म्हणून एकूण वेळ सात मिनिटांनी उतरली!

आठवा रविवार गणपतीत गेला, दहावा आणि अकरावा अंतर्गत परीक्षांमध्ये. त्या दिवसांत रोज फक्त बारा सूर्यनमस्कार, सहा-सात मिनिटांचं काम. एक दिवस तेही झालं नाही. पूर्वी अशा खाडा पडलेल्या दिवशीच माझा व्यायाम कायमचा सुटायचा. या वेळी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांचा २०१० सालचा अभ्यास आठवत होता. त्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं होतं. ती अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक निघाला ६६, पण माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. आणि मधे एखादी खेप चुकली म्हणून सवय मोडली नाही. एकवीस दिवसांत सवय लागते असा हिशोब कुणी सांगितला तर मनावर घेऊ नका, त्याने बाविसाव्या दिवशी उगाच अपराधी वाटतं.

बारावा, ६८. दोन आठवडे गड न चढताही सहाव्यापेक्षा बरा. पण वाट आता कोरडी आहे, त्यामुळे वहीत पावसाळी आणि कोरडी वेळ असे दोन रकाने केलेत. तुम्हीही करा, नाहीतर ऑक्टोबरात उगाच फुशारकी वाटते आणि पुढच्या जुलैत उगाच निराशा.

तेरावा, ६५. झोप साडेचार तासांची, सेमिनारच्या तयारीमुळे. चढताना गरगरलं. अशा दिवशी वेळ लावायची नाही, नुसतं चालायचं, हा नियम त्या दिवशी केला.

चौदावा, काल, ६१. स्वारगेटहून पहिली बस, सोबत रात्री भिजवलेले हरभरे आणि गूळ. टपरीपाशी २९, वर ३२. वर पोचल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. ऊन चढायच्या आत खाली.

पुढचे दोन रविवार गड नाही, दिवाळीला साताऱ्याला घरी जातेय. बाबा रोज पहाटे अजिंक्यतारा चढतात. लहानपणी ते उठवायचे तेव्हा मी झोपेचं सोंग घ्यायचे. काल रात्री त्यांना फोनवर ६१ सांगितलं. थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "येताना बूट घेऊन ये."