वाचताना डोळे मागे का फिरतात

मूल एकाच ओळीत तीन-तीनदा मागे जाते, मधलाच शब्द गाळते, ओळ संपली की भलत्याच ओळीवर उतरते. बघणाऱ्याला वाटते, याची नजरच ठरत नाही. नजर ठरली की वाचन सुधारेल. मग डोळ्यांचे व्यायाम, रंगीत काचा आणि पडद्यावर पळणाऱ्या ठिपक्यांचा पाठलाग सुरू होतो. डिस्लेक्सियाच्या, म्हणजे अक्षर-आवाज जोडून शब्द वाचणे जड जाण्याच्या, बाबतीत इथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली असते. नजर अडखळते म्हणून वाचन अडत नाही. शब्द उलगडत नाही म्हणून नजर अडखळते. हे नीट कळले की मुलाचे कित्येक महिने वाया जात नाहीत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो आहे.

ओळीवरून आपली नजर सरकत जाते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती उड्या मारते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एमिल जाव्हाल या नेत्रवैद्याच्या प्रयोगशाळेत या उड्यांचा अभ्यास झाला आणि नंतरच्या शंभर वर्षांत त्या फार बारकाईने मोजल्या गेल्या. सराईत प्रौढ वाचकाची नजर एका जागी साधारण 200 ते 250 मिलिसेकंद थांबते आणि मग 7 ते 9 अक्षरे पुढे उडते. उडीला 20 ते 40 मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात मेंदूला नवे काही टिपता येत नाही. जे वाचले जाते ते थांब्यावर. उडी मारावी लागते याचे कारण डोळ्याच्या रचनेत आहे: दृष्टिपटलाचा अगदी मधला, बारीक तपशील टिपणारा भाग दृष्टीच्या जेमतेम 2 अंशांपुरता असतो. बाजूचे अंधुक दिसते, पण तेही कामाला येते. रोमन लिपीत सराईत वाचक थांब्याच्या उजवीकडे 14-15 अक्षरांपर्यंतची माहिती वापरतो, म्हणजे पुढच्या शब्दाची चाहूल त्याला आधीच लागलेली असते. आणि हो, चांगल्या वाचकाच्याही शंभरातल्या 10 ते 15 उड्या मागे जातात. मागे जाणे हा दोष नव्हे.

हे अक्षरांचे आकडे रोमन लिपीवरच्या प्रयोगांतले आहेत. देवनागरीत मात्रा वर, उकार खाली आणि जोडाक्षर एकात एक, त्यामुळे ‘इतकी अक्षरे पुढे’ हे माप जसेच्या तसे उचलता येत नाही. वेळेचे माप आणि थांबा-उडीची रीत मात्र तीच.

नुकते वाचायला लागलेल्या कोणत्याही मुलाचे थांबे लांब असतात, 300 मिलिसेकंदांच्या बरेच वर. उड्या आखूड असतात आणि मागे फिरणे प्रौढांच्या जवळपास दुप्पट. डिस्लेक्सिया असलेल्या दहा वर्षांच्या मुलाची नोंद घेतली तर हेच चित्र दिसते. इथेच फसगत होते, कारण तुलना केली जाते ती त्याच वयाच्या, चांगले वाचणाऱ्या मुलाशी. तुलना वयाने लहान पण वाचनात त्याच पायरीवर असलेल्या मुलाशी करून पाहा. दोघांच्या नोंदी खूपच सारख्या निघतात. आणखी एक बदल करून पाहा: चांगल्या वाचकाला त्याच्या आवाक्याबाहेरचा मजकूर द्या, त्याचे थांबे लांबतात आणि तो मागे फिरू लागतो. डिस्लेक्सियाच्या मुलाला सोपा मजकूर द्या, त्याची नजर सुधारते. डोळे तेच, स्नायू तेच, बदलला तो फक्त मजकूर.

1981 मध्ये जॉर्ज पाव्लिडिस या संशोधकांनी असे मांडले होते, की डिस्लेक्सियाच्या मुलांना ओळीने पेटणाऱ्या दिव्यांमागेसुद्धा नजर नीट नेता येत नाही. खरे ठरले असते तर वाचायला बसण्याआधीच निदान करता आले असते, म्हणून त्याकडे सगळ्यांचे लक्ष गेले. पण इतर प्रयोगशाळांनी तसाच प्रयोग केला तेव्हा तो फरक सापडला नाही. पुढे 1999 मध्ये इटलीतल्या मारिया दे लुका आणि सहकाऱ्यांनी वाचनात अडखळणाऱ्या मुलांना दोन कामे दिली, एक मजकूर वाचण्याचे आणि एक अक्षरांशिवायचे. अक्षरे नव्हती तेव्हा त्यांची नजर इतर मुलांसारखीच चालली. अक्षरे आली की लहान-लहान उड्यांचे तुकडे पडले, आणि शब्द जितका लांब तितके तुकडे जास्त.

आता तेच काम आपल्या लिपीत पाहू. ‘विद्यार्थी’ हा शब्द घ्या. डावीकडून येणाऱ्या नजरेला आधी पहिली वेलांटी भेटते, पण उच्चारायचा आधी ‘व’. पुढे ‘द्य’, त्यात कोणते अक्षर अर्धे हे आकारावरून पटकन उमगत नाही. मग ‘थी’, आणि त्याचा रफार बसलाय थेट शेवटच्या दुसऱ्या वेलांटीवर, उच्चार मात्र ‘थ’च्या आधी. म्हणजे शब्दाच्या उजव्या टोकाला मिळालेली माहिती मागच्या जागी नेऊन बसवायची. सराईत वाचक अख्खा शब्द ओळखतो, त्याला यातले काही जाणवतही नाही. अक्षराला आवाज जोडायलाच ज्याला वेळ लागतो ते मूल इथे चार-पाच थांबे घेईल आणि एक-दोनदा मागे जाईल. शब्द समजायला त्या घडीला दुसरा मार्गच त्याच्याकडे नसतो. त्याला ‘मागे बघू नकोस’ म्हणणे म्हणजे शब्द सोडून दे म्हणणे.

‘डिस्लेक्सियात अक्षरे उलटी दिसतात’ या समजुतीचीही इथेच वासलात लागते. देवनागरीत आरशातल्यासारख्या जोड्या फारशा नाहीत, तरी आपली मुले घ-ध, भ-म, ब-व, थ-य यांत चुकतात. अक्षर दिसते बरोबर. त्याच्याशी जोडलेला आवाज पक्का झालेला नसतो, आणि आकार जवळचे असले की चुकीचा आवाज उठतो.

नजर पाहायला यंत्रच हवे असे नाही. 1928 मध्ये वॉल्टर माइल्स या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलेली भोकाची पद्धत अजून उत्तम चालते. एका कागदावर ठळक टाइपात, भरपूर अंतर सोडून 8-10 ओळी छापा. मधोमध, दोन ओळींच्या रिकाम्या पट्टीत, पेन्सिल जाईल एवढे भोक पाडा. कागद मुलासमोर उभा धरा, स्वतः मागे बसा आणि भोकाला डोळा लावून मुलाच्या डोळ्यांकडे बघा. मुलाला मनात वाचू द्या. प्रत्येक उडी स्पष्ट दिसते. एका ओळीला किती थांबे झाले ते बोटांवर मोजा, पहिल्या दोन ओळी सोडून द्या, कारण तेवढ्यात मूल सावरत असते.

मोबाइलवर चित्रण करायचे असेल तर कॅमेरा कागदाच्या खालच्या कडेला, डोळ्यांकडे तोंड करून ठेवा. वरून घेतले तर पापण्या आड येतात. साधे चित्रण सेकंदाला 30 चित्रांचे असते, म्हणजे एक चित्र 33 मिलिसेकंदांचे. 250 मिलिसेकंदांचा थांबा सात-आठ चित्रांत येतो, उडी एखाद्या चित्रात संपते. थांबे मोजायला एवढे पुरते, उडीचा वेग मोजायला नाही. सेकंदाला 240 चित्रांची सोय असेल तर ती वापरा.

मजकूर तीन घ्या: अगदी सोपा, मुलाच्या आजच्या पायरीचा आणि वर्गातला. तिन्हींमध्ये दर दहा शब्दांमागे किती थांबे आणि किती माघारी (म्हणजे मागे जाणाऱ्या उड्या), हे लिहून ठेवा. सोप्यात नजर सुरळीत आणि वर्गातल्यात विस्कटलेली असेल, तर अडचण शब्द उलगडण्यात आहे. अगदी सोप्या मजकुरातही, आणि चित्रातल्या वस्तू शोधतानाही, नजर तशीच भरकटत असेल तर आधी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

जोडीला एक छोटी चाचणी. मूल मोठ्याने वाचत असताना ओळीच्या मध्यावर अचानक कागद झाका आणि ‘पुढचे जे दिसले होते ते सांग’ म्हणा. सराईत वाचकाची नजर आवाजाच्या दोनेक शब्द पुढे असते, तो ते शब्द सांगतो. अडखळणारे मूल बहुतेकदा झाकलेल्या शब्दापाशीच थांबते, कारण त्याची नजर आणि आवाज एकाच अक्षरावर अडकलेले असतात.

ज्यांच्याकडे नजर टिपणारे यंत्र आहे त्यांच्यासाठी, चुका नेमक्या कुठे होतात ते सांगतो. 60 सेंटीमीटर अंतरावर 1 अंश म्हणजे कागदावर किंवा पडद्यावर साधारण 1 सेंटीमीटर. यंत्राची चूक अर्ध्या अंशाची असली तरी ती 5 मिलिमीटर होते, म्हणजे लहान टाइपात एखाद-दीड अक्षर. म्हणून ओळींमध्ये किमान दीड-दोन सेंटीमीटर अंतर ठेवा, नाहीतर थांबा कोणत्या ओळीचा हेच ठरत नाही. लहान मुलाचे डोके हलते. हनुवटीला आधार द्या आणि दर दोन-तीन परिच्छेदांनंतर यंत्राची मुलाच्या नजरेशी जुळणी पुन्हा तपासा. 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 नोंदी घेणाऱ्या, यंत्रात दोन नोंदींमध्ये 17 मिलिसेकंद जातात, त्यामुळे एका उडीच्या वाट्याला दोनच नोंदी येतात. थांबे मोजा, उड्यांच्या वेगावर बोलू नका.

सगळ्यात मोठी चूक आकडे गाळताना होते. प्रौढांच्या अभ्यासात फार लांब थांबे ‘लक्ष उडाले’ म्हणून काढून टाकायची रीत आहे. डिस्लेक्सियाच्या मुलाचा एक सेकंदाचा थांबा म्हणजे खरोखरीचे वाचन असते. तो काढलात तर नेमकी अडचणच पुसली. दुसरी चूक माघारी मोजताना. नव्या ओळीवर येताना नजर बऱ्याचदा थोडी अलीकडे पडते आणि मग डावीकडे छोटीशी उडी मारून जागा दुरुस्त करते. मुलांमध्ये हे जास्त घडते. ती उडी माघारीत धरली तर आकडा उगाच फुगतो. शब्दाच्या आतली माघार, मागच्या शब्दावरची माघार आणि ही दुरुस्ती, या तिन्हींचे रकाने वेगळे ठेवा.

2016 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी वाचतानाच्या नजरेच्या नोंदींवरून संगणकाला डिस्लेक्सियाची मुले ओळखायला लावली, आणि 95 टक्क्यांहून अधिक अचूक उत्तरे आली. ही बातमी ‘दोष डोळ्यांत आहे’ या थाटात फिरते, म्हणून सांगावेसे वाटते: ती मुले आधीच शब्दवाचनात फार मागे असलेली म्हणून निवडलेली होती. संगणकाने अडखळत वाचणारी मुले ओळखली. चाळणी म्हणून हे उपयोगी आहे, कारण म्हणून नाही.

डोळे तपासायचेच नाहीत असे मुळीच नाही. डिस्लेक्सियाच्या मुलालाही चष्मा लागू शकतो, आणि विशेषतः जवळचे वाचताना ताण देणारा दूरदृष्टिदोष साध्या फळ्यावरच्या तपासणीत निसटतो. दहा-पंधरा मिनिटांनी डोके दुखणे, अक्षरे दोन दिसणे, एक डोळा झाकून वाचणे, ही लक्षणे असतील तर दोन्ही डोळे आत वळण्याची क्षमता तपासून घ्या. पेन्सिलचे टोक हळूहळू नाकाकडे आणले तर साधारणपणे 6 सेंटीमीटरच्या आत येईपर्यंत ते एकच दिसायला हवे. ही अडचण व्यायामाने सुधारते. पण 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हीच अडचण असलेल्या 9 ते 14 वर्षांच्या मुलांवरच्या एका मोठ्या चाचणीत 16 आठवड्यांच्या व्यायामानंतर वाचनाचे आकलन नुसत्या दिखाऊ उपचाराहून जास्त सुधारले नाही. डोकेदुखी थांबणे हेही मोलाचे आहे, फक्त त्यातून वाचन येईल असे कुणी आश्वासन देऊ नये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्ये एकत्र निवेदन काढून डिस्लेक्सियावर डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत काचा यांना पुरेसा आधार नाही असे स्पष्ट सांगितले आहे.

मग काम कशावर करायचे? अक्षर आणि आवाज यांच्या जोडीवर, रोज, थोडे थोडे. गोंधळाच्या दोन अक्षरांपैकी एक आधी पक्के करा, घ आणि ध एकाच दिवशी शिकवू नका. लांब शब्द पेन्सिलच्या कमानींनी तोडा: वि-द्या-र्थी. रफार कोणाच्या आधी बोलायचा हे सुटे शिकवा, जोडाक्षरे सुटी शिकवा, मग शब्दात आणा. मजकूर असा निवडा की 100 शब्दांत पाचापेक्षा जास्त चुका होऊ नयेत. दहाच्या वर गेल्या तर तो मजकूर त्या दिवशी बाजूला ठेवा. 50 ते 200 शब्दांचा एकच उतारा तीन-चारदा मोठ्याने वाचून घ्या, चूक झाली तर तिथेच शब्द सांगा.

ओळ चुकत असेल तर जाड कागदाची पट्टी वाचत असलेल्या ओळीच्या वर ठेवा, खाली नको. खाली ठेवली तर पुढची ओळच झाकली जाते आणि नजरेला उतरायला जागा दिसत नाही. शब्दागणिक खिडकी उघडणारी पट्टी टाळा, तिने पुढच्या शब्दाची चाहूल तुटते. ठरावीक वेगाने शब्द पुढे सरकवणारी ॲप्सही नकोत. शब्द उलगडायच्या आत तो निघून जातो आणि हवी तेव्हा माघार घेता येत नाही. 2012 मध्ये मार्को झोर्झी आणि सहकाऱ्यांनी इटालियन आणि फ्रेंच मुलांसाठी अक्षरांमधले अंतर वाढवले तेव्हा चुका कमी झाल्या होत्या. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि मात्रा अक्षरापासून सुटते, म्हणून आपण शब्दांमधले आणि ओळींमधले अंतर वाढवावे.

आठ-दहा आठवड्यांनी पुन्हा भोकाचा कागद काढा. उतारा नवा पण त्याच पायरीचा हवा, कारण जुनाच दिलात तर पाठांतर मोजले जाईल. दर दहा शब्दांमागचे थांबे आणि माघारी जुन्या कागदाशेजारी लिहा. आकडा कमी झाला असेल तर अक्षरांवरचे काम पुढच्या जोडाक्षरांकडे न्या. जागचा हलला नसेल तर कोणत्या शब्दांवर थांबे साचले आहेत ते पाहा, आणि दुसऱ्या दिवशीचा सराव त्याच शब्दांचा घ्या.