अहो, वायर हलली वाटतं

आमच्या श्रवणगटाचा नियम साधा आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमायचं, ज्याची पाळी असेल त्याने दीड तास ऐकवायचं, मध्ये मध्ये बोलायचं, चहा-पोहे यजमानांकडे. बारा-पंधरा डोकी, त्यातली निम्मी साठीच्या पुढची. आतापर्यंत कुमारजी झाले, बेगम अख्तर झाल्या, मदनमोहन तर दोनदा झाले. इंग्रजी एकदाच झालं होतं आणि त्या दिवशी पोहे लवकर संपले.

तरीही माझ्या पाळीला मी अमेरिकेतला सोल गायक-संगीतकार आयझॅक हेज घेतला. कारण थोडं खासगी आहे. मी अकरा वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. लग्नं, नवरात्र, गणपती. गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली की आपण निमूट बदलायची, तो अंतरा विसरला की म्युझिक पीस पुन्हा फिरवून वेळ काढायचा, टाळ्या पुढच्या पुढे. दोन मंडळांसाठी गाणी रचली, ती दुसऱ्यांनी गायली. कॅसेटच्या वेष्टनावर माझं नाव 'संगीत साहाय्य' या ओळीत सातवं होतं आणि तेही चुकीचं छापलेलं. त्यामुळे मेम्फिसच्या एका स्टुडिओत मागे बसून ऑर्गन वाजवणारा, इतरांसाठी गाणी रचणारा माणूस पुढे कसा आला, हे मला कधीपासून नीट समजून घ्यायचं होतं. नुसतं वाचून समजत नाही. चार माणसांना समजावायला बसलं की आपल्याला कुठे कळलेलं नाही ते कळतं.

पहिल्या महिन्यात मी बावीस पानं लिहिली. जन्म २० ऑगस्ट १९४२, टेनेसी राज्यातलं कोविंग्टन, आजी-आजोबांनी वाढवलं, कापसाची शेतं, मग मेम्फिस, मांस पॅक करायच्या कारखान्यात नोकरी, एकविसाव्या वर्षाच्या आसपास शाळा पूर्ण. बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "छान आहे. पण विम्याची पॉलिसी वाचल्यासारखं वाचतोयस." बावीस पानं बाजूला ठेवली.

दुसरी अडचण 'सोल' या शब्दाची. आत्मसंगीत म्हणावं तर आश्रमाची जाहिरात वाटते. शेवटी भाषांतर सोडून दिलं आणि असं सांगायचं ठरवलं: चर्चमध्ये देवाला जी हाक मारायची पद्धत होती, त्याच गळ्याने, त्याच आर्ततेने प्रेयसीला हाक मारली की त्याला सोल म्हणतात. शंभर टक्के बरोबर नाही, पण आमच्याकडे अभंगाच्या चालीवर लावणी ऐकलेली माणसं आहेत, त्यांना पुरतं.

मग स्टॅक्स, म्हणजे हेजचा तो स्टुडिओ आणि रेकॉर्ड कंपनी. ही जागा मला कार्यक्रमात दाखवायचीच होती, म्हणून मी वहीत तिचा नकाशा काढला. मेम्फिसच्या मॅकलेमोर अव्हेन्यूवरचं कॅपिटॉल नावाचं बंद पडलेलं सिनेमागृह. जिम स्ट्युअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी १९६० साली ते घेतलं. दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून पुढे 'स्टॅक्स' झालं. खुर्च्या काढल्या, पण थिएटरची उतरती जमीन तशीच राहिली. म्हणजे वाजवणारे सगळे उतारावर. जिथे पूर्वी गोळ्या-चॉकलेटं विकायचे तिथे एस्टेलबाईंनी रेकॉर्डचं दुकान टाकलं. आत गाणं ध्वनिमुद्रित व्हायचं आणि बाहेरच्या दुकानात पोरं काय मागतात ते लगेच कळायचं. आमच्या एका मालकाला मी हे सांगितलं असतं तर त्याने ऑर्केस्ट्राच्या ऑफिसातच पानपट्टी काढली असती.

हेज तिथे शिरला तो बदली म्हणून. स्टुडिओचा नेहमीचा ऑर्गनवाला बुकर टी. जोन्स इंडियाना विद्यापीठात शिकायला गेला होता, त्याच्या जागी हा. तिथेच डेव्हिड पोर्टरशी जोडी जमली. पोर्टर समोरच्या किराणा दुकानात काम करायचा. साधारणपणे शब्द त्याचे, चाल हेजची. दोघांनी मिळून सुमारे दोनशे गाणी केली आणि त्यातली गाजलेली बरीचशी सॅम अँड डेव्ह या दुकलीसाठी. १९६६ च्या 'होल्ड ऑन, आय'म कमिंग'ची गोष्ट तर स्टेजवर सांगायलाच बनलेली आहे: पोर्टर संडासात गेलेला, हेज बाहेरून घाई करतोय, आतून पोर्टर ओरडला 'थांब, आलो', आणि तसाच पळत बाहेर आला, कारण गाण्याचं शीर्षक मिळालं होतं. पुढच्या वर्षीचं 'सोल मॅन' वेगळ्या जागेतून आलं. जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइटमध्ये दंगल पेटली, तेव्हा कृष्णवर्णीयांनी आपल्या इमारती जाळपोळीतून वाचाव्यात म्हणून त्यांवर 'सोल' असं लिहिलं. हेजने ते टीव्हीवर पाहिलं. गाणं अमेरिकेच्या पॉप यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

इथपर्यंत मला सगळं ओळखीचं वाटत होतं. अडलो ते पुढे. १९६८ च्या सुरुवातीला हेजचा स्वतःचा पहिला अल्बम आला आणि पडला. मग १९६९ मध्ये 'हॉट बटर्ड सोल' आला आणि लाखोंनी खपला. मधल्या वर्षात झालं काय? मी आपला त्याच्या 'जिद्दी'वर दोन परिच्छेद लिहून मोकळा झालो होतो. वाचताना मलाच खोटं वाटलं.

मग तारखा एका कागदावर ओळीने मांडल्या. १० डिसेंबर १९६७: स्टॅक्सचा गाजलेला गायक ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला, त्याच्याबरोबर बार-केज या स्टॅक्सच्या तरुण बँडमधली चार मुलं गेली. ४ एप्रिल १९६८: मेम्फिसमध्येच, लोरेन मोटेलवर मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या. स्टॅक्सची मंडळी त्या मोटेलवर कायम जायची, यायची, गाणी लिहायची. हेज त्यानंतर वर्षभर लिहूच शकला नाही. त्याच वसंतात अटलांटिक कंपनीशी असलेला वितरणाचा करार संपला आणि कळलं की तोवरच्या सगळ्या मूळ ध्वनिफितींची मालकी करारातल्या एका कलमाने अटलांटिककडे गेलेली आहे. जिम स्ट्युअर्टने सही करताना ते कलम वाचलंच नव्हतं. सॅम अँड डेव्ह हे तर मुळात अटलांटिकचेच, स्टॅक्सला उसने दिलेले. तेही परत गेले.

हे शेवटचं वाक्य लिहिताना माझं पेन थांबलं. ज्यांच्यासाठी लिहायचं ते गळेच गेले! पुस्तकांत हा मुद्दा कंपनीच्या नुकसानीत मोडतो. पण आम्हा मागच्या रांगेतल्या माणसांना विचारा. चाल बांधताना कुणाचा तरी आवाज कानात असतो. त्या माणसाचा वरचा षड्ज कुठे फाटतो, श्वास कुठे तुटतो, ते धरूनच ओळ पडते. तो आवाज निघून गेला की हात रिकामे होतात. माझा गायक दुबईला गेला तेव्हा मी कीबोर्ड विकला होता.

गाण्यांचा साठा गेलेल्या स्टॅक्सला आता नवा साठा हवा होता. कंपनीचा कारभार बघणाऱ्या अल बेल याने फर्मान काढलं, १९६९ च्या मे महिन्यात एकदम २७ अल्बम बाजारात. त्यात एक हेजचा. पुढे हेज सांगायचा, की बाकीचे २६ होतेच ओझं वाहायला, माझा नाही खपला तरी बिघडत नव्हतं, म्हणून मला हवं तसं केलं. त्याच्या सुटकेचं कारण असं हिशेबाच्या वहीत सापडलं.

आणि त्याने केलं काय? गाणी लिहून नाव कमावलेल्या या माणसाने चारच गाणी घेतली आणि त्यातली तीन दुसऱ्यांनी लिहिलेली. दिऑन वॉरविकने १९६४ मध्ये तीन मिनिटांच्या आत म्हटलेलं 'वॉक ऑन बाय' त्याने बारा मिनिटांचं केलं. जिमी वेबचं 'बाय द टाइम आय गेट टु फिनिक्स' ग्लेन कॅम्पबेलच्या आवाजात पावणेतीन मिनिटांचं, याचं अठरा मिनिटं बेचाळीस सेकंद. दुसऱ्यांसाठी लिहिताना तीन मिनिटांची चौकट होती, कारण रेडिओ तेवढाच वेळ द्यायचा. स्वतःसाठी त्याने शब्द मागितलेच नाहीत, वेळ मागितला. हे सापडल्यावर माझा कार्यक्रम तयार झाला. बावीस पानांची चार पानं झाली.

रविवारी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याच्या हॉलमध्ये जमलो. पाऊस होता, तरी चौदा जण आले. सुरुवात बरी झाली. संडासाच्या गोष्टीला हशा आला, 'सोल मॅन'ला एका काकूंचा पाय ठेका धरताना मी पाहिला. 'वॉक ऑन बाय'च्या लांबलचक सुरुवातीला लोक जरा चुळबुळले, पण व्हायोलिनं आणि गिटार आल्यावर सावरले. व्हायोलिनं डेट्रॉइटमध्ये नंतर चढवली आणि मूळ वादन मेम्फिसच्याच आर्डेंट स्टुडिओत नव्याने उभ्या राहिलेल्या बार-केजने केलं, हे सांगितल्यावर कुणीतरी "म्हणजे ती मुलं गेली, त्यांचाच बँड?" असं हळूच विचारलं. हो, तोच. अपघातातून वाचलेला ट्रम्पेटवाला आणि त्या विमानात नसलेला बासवाला, या दोघांनी तो पुन्हा उभा केला होता.

मग फिनिक्स लावलं. ऑर्गनचा एक स्वरमेळ, मागे बास, झांजेवर बारीक टिकटिक. त्यावर हेज बोलायला लागतो. गात नाही, बोलतो. टेनेसीचा एक मुलगा पश्चिमेला जातो, लग्न करतो, बायकोवर जीव टाकतो, ती फसवते. मागचा स्वरमेळ हलत नाही. तीन मिनिटं. पाच मिनिटं. सहाव्या मिनिटाला एसटीतून निवृत्त झालेले एक काका खुर्चीतून पुढे वाकले आणि मला म्हणाले, "अहो, वायर हलली वाटतं. अडकलंय ते." मी मानेने नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. ते उठले, स्पीकरपाशी गेले, पिन काढून परत घातली. खर्रर्र आवाज आला आणि तोच स्वरमेळ पुन्हा सुरू झाला. सगळे हसले. मी घामाघूम.

मला गाणं थांबवावं लागलं आणि तेच बरं झालं, कारण मी चार पानांत नसलेलं बोललो. म्हटलं, हे प्रकरण मेम्फिसच्या टिकी क्लबमध्ये सुरू झालं. हेज एकदा तिथे बार-केजबरोबर उभा राहिला. लोक आपापसात गप्पा मारताहेत, ग्लास वाजताहेत. त्याला हे गाणं म्हणायचं होतं, पण या गोंगाटात ते कोण ऐकणार? त्याने बँडला सांगितलं, पहिलाच स्वरमेळ धरून ठेवा, हलू नका. आणि तो बोलायला लागला, हा माणूस घर सोडून का निघाला असेल ते. हळूहळू क्लब गप्प झाला. मग गाणं.

यावर मागून एक आजी म्हणाल्या, "मग हा पूर्वरंग झाला की." त्यांचे वडील कीर्तनकार होते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्या म्हणाल्या, "पेटीवाला सूर धरून बसतो, बुवा निरूपण करतात, मंडळी बसली की मग आख्यान. लावा परत. पहिल्यापासून."

परत लावलं. या खेपेला कुणी हललं नाही. साडेआठ मिनिटांच्या आसपास बोलणं संपून तो पहिली ओळ गातो, तेव्हा आजींनी डोळे मिटलेले होते. मी बघू नये ते बघत होतो, कोण किती ऐकतंय ते. ऑर्केस्ट्रातली सवय.

वेळ संपत आल्याने 'शाफ्ट' घाईत उरकावं लागलं. १९७१ चं चित्रपटसंगीत, वॉ-वॉ गिटार, १९७२ चा ऑस्कर, समारंभाला सोबत नेलेली आजी. सर्वोत्कृष्ट गीताचा ऑस्कर मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. हे लोकांना आवडतंच, त्यात माझं कौशल्य नाही. शेवटी एका चार्टर्ड अकाउंटंट सभासदाने विचारलं, "मग पैसे?" तेही सांगितलं. १९७६ मध्ये हेजचं दिवाळं निघालं आणि त्यात लिहिलेल्या गाण्यांच्या पुढच्या रॉयल्टीवरचा हक्कही गेला. 'सोल मॅन'सकट. सोन्याचा मुलामा दिलेली त्याची निळी कॅडिलॅक आज मेम्फिसच्या स्टॅक्स संग्रहालयात फिरत्या चौथऱ्यावर ठेवलेली आहे. अकाउंटंट बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कलम वाचायला हवं होतं." मी म्हटलं, ते स्ट्युअर्टचं कलम. हे वेगळं. ते म्हणाले, "कलमं सगळी सारखीच असतात हो."

पोहे या वेळी उरले, म्हणजे कार्यक्रम बरा झाला असं मी धरतो.

पुढच्या गुरुवारी एसटीवाल्या काकांचा फोन आला. मुलाच्या गाडीतून मुंबईला निघाले होते. मागे टायरांचा आवाज आणि त्यातून तो ऑर्गन. "अहो, पाथर्डी फाट्याला लावलंय हे. वाडीवऱ्हे आलं, तरी तुमचा माणूस अजून घरातून निघतोच आहे," ते म्हणाले. मग आवाज जरा खाली आणून, "थांबा, थांबा. आता गातोय," आणि फोन तसाच चालू ठेवून ते ऐकत बसले.