चौसष्ट चौकोनांचा थर्मल कॅमेरा

शनिवार, रात्री उशिरा

सेन्सर बोलू लागला! एएमजी८८३३, उष्णतेचे किरण टिपणारा छोटासा सेन्सर. आठ ओळी, आठ रकाने, मिळून ६४ पिक्सेल. चार तारा जोडायच्या, लायब्ररी (तयार कोड) टाकायची, की सीरियल मॉनिटरवर, म्हणजे संगणकावरच्या खिडकीत, अंशांचे आकडे सेकंदाला दहा वेळा बदलत राहतात. जोडणीबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही, नवख्यालाही ती जमते.

रंग मी मुद्दाम लगेच भरले नाहीत. आधी आकडेच बघत बसले. हात पुढे धरला की मधल्या आकड्यांचा घोळका वर चढतो, हात हलवला की घोळकाही सरकतो. आपल्या अंगातून सतत किरण बाहेर पडत असतात, हे वाचून माहीत होतं. त्यांची तीव्रता १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि आपल्या डोळ्यांची धाव साधारण ०.७ लाच संपते. पण आपल्याच हाताचे किरण आकडे होऊन समोर आले, तेव्हा अंगावर काटा आला.

मग रंग आले, इंटरपोलेशन (मधल्या जागा अंदाजाने भरणं) आलं, चित्र गुळगुळीत झालं. देखणं दिसतं, पण माहिती तेवढीच. मधले पिक्सेल शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरलेले. या सेन्सरला दिसणाऱ्या क्षेत्राचा कोन ६० अंशांचा आहे, म्हणजे एक मीटरवर एकेका पिक्सेलच्या वाट्याला साधारण १४ सेंटीमीटरचा तुकडा येतो. त्यात एखादी छोटी तापलेली वस्तू असली तर ती आजूबाजूच्या गारव्यात मिसळून जाते. म्हणून मूळ ६४ चौकोन दाखवणारं एक बटण मी ठेवलं आहे. असं बटण घरी बनवलेल्या प्रत्येक थर्मल कॅमेऱ्याला असावं, असं मला मनापासून वाटतं.

आजचा खरा आनंद मात्र स्टीलच्या भांड्याने दिला. चकचकीत भांड्यात कढत पाणी ओतलं. बाहेरून हात लावला तर चटका बसतो, पण पडद्यावर भांडं जवळपास खोलीइतकंच गार! मग त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा रुंद पट्टा चिकटवला आणि सेन्सर अगदी जवळ नेला. तेवढाच पट्टा लालभडक झाला. पाणी तेच, भांडंही तेच. चकचकीत धातू स्वतः फार कमी किरण सोडतो आणि खोलीतले किरण आरशासारखे परत फेकतो. टेपची उत्सर्जकता, म्हणजे किरण सोडण्याची क्षमता, मात्र जास्तीत जास्त १ पैकी ०.९५ च्या घरात असते. सेन्सर तापमान थेट बघत नाही. तो येणारे किरण मोजतो आणि त्यांवरून तापमानाचा हिशेब मांडतो. हे एकदा कळलं की काचेचंही कोडं सुटतं. काच हे किरण अडवते, पातळ पॉलिथिन जाऊ देतं: खिडकीच्या काचेमागे उभं राहिलेलं माणूस पडद्यावरून गायब होतं, पातळ पॉलिथिनच्या पिशवीमागचा हात मात्र दिसतो.

आणखी एक नोंद. या सेन्सरची अचूकता अडीच अंश इकडे-तिकडे आहे, त्यामुळे याने कुणाचा ताप मोजायचा नाही.

आता ओढ एमएलएक्स९०६४० या जास्त पिक्सेलच्या सेन्सरची. ३२ गुणिले २४, म्हणजे ७६८ पिक्सेल. एकेका तापमानाला चार बाइट धरले तरी ३,०७२ बाइट होतात आणि आर्डुइनो उनो आर३ या छोट्या कंट्रोलर बोर्डाकडे रॅम फक्त २,०४८ बाइटची. तेव्हा जास्त रॅमचा ईएसपी३२ बोर्ड घ्यावा लागणार. शिवाय हा सेन्सर बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक पिक्सेल आळीपाळीने देतो, त्यामुळे दोन अर्धी चित्रं जोडून एक करायचा कोड आधी नीट समजून घ्यायचा आहे. उद्या तेच.