हेब्रॉन: वाटणीचं शहर

हेब्रॉनची बस जेरुसलेमच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून सुटते. काचा बुलेटप्रूफ, त्यामुळे बाहेरच्या द्राक्षमळ्यांचं काही धड दिसत नाही. बसमध्ये निम्मे विशीतले सैनिक, मांडीवर बंदूक आणि कानात इअरफोन. बाकी ज्यू वसाहतींमधल्या लेकुरवाळ्या बाया, आणि आम्ही सहलीवाले. सकाळी पॅलेस्टिनी गाईड शहर दाखवणार, दुपारी इस्रायली, अशी ही सहल. साल २०१९, महिना नोव्हेंबर.

इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेत बाकीच्या मोठ्या शहरांतून ओस्लो करारांनंतर (इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधले नव्वदच्या दशकातले शांतता करार) इस्रायली सैन्य बाहेर पडलं. हेब्रॉनचं घोंगडं भिजत राहिलं, कारण इथे ज्यू वसाहतवाले शहराच्या कडेला नाहीत, ऐन गावठाणात राहतात. शेवटी जानेवारी १९९७मध्ये नेतान्याहू (तेव्हा पहिल्यांदाच पंतप्रधान झालेले) आणि पॅलेस्टिनी नेते अराफत यांच्यात वेगळा करार झाला. शहराचा सुमारे ८० टक्के भाग, एच-१, पॅलेस्टिनी प्रशासनाकडे गेला. उरलेला २० टक्के, एच-२, इस्रायली सैन्याकडे राहिला. या एच-२मध्ये तीसेक हजार पॅलेस्टिनी आणि काही शे वसाहतवाले. जुना बाजार त्यातच, आणि अब्राहामची कबरही.

कबर आधी पाहिली. हेरोडच्या काळातल्या प्रचंड दगडी भिंती, एकेक दगड असा की हात आपोआप त्याच्याकडे जातो. मुसलमानांसाठी ही इब्राहिमी मशीद, ज्यूंसाठी माखपेलाची गुहा. दरवाजे वेगळे, तपासणी वेगळी. नाक्यावर सैनिकानं विचारलं, "मुस्लीम?" नाही. "ज्यू?" नाही. "हिंदू," म्हटल्यावर तो हसला आणि जा म्हणाला. दोन्ही बाजू बघायची मुभा ज्याचा या भांडणाशी काडीचा संबंध नाही त्यालाच!

मशिदीच्या बाजूला इसहाक आणि रिबेका यांच्या समाध्या आहेत, आणि सुलतान सलाउद्दीननं अश्केलॉनहून आणवलेला लाकडी मिंबर, म्हणजे प्रवचनाचं व्यासपीठ. त्यावरचं कोरीवकाम इतकं बारीक की गाईड पुढे गेला तरी मी तिथेच. अब्राहामची समाधी मधोमध, दोन्हीकडे जाळीच्या खिडक्या. मी जाळीतून हिरव्या चादरीकडे पाहत होतो, तर पलीकडच्या खिडकीत एक दाढीवाला माणूस डोलत प्रार्थना करत होता. दोघांमध्ये बुलेटप्रूफ काच. भाऊबंदकीत वाड्याच्या मधोमध भिंत घालतात तसा प्रकार, आणि दोघांचा मूळपुरुष खरोखरच एक.

ही वाटणी १९९४ची. २५ फेब्रुवारीला, रमजानच्या महिन्यात, शेजारच्या किर्यात अर्बा वसाहतीतला बारूख गोल्डस्टीन हा डॉक्टर लष्करी गणवेशात आत शिरला आणि नमाज पढणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. २९ जण गेले. त्यानंतर इमारत विभागली. वर्षातले दहा दिवस ती पूर्ण ज्यूंची, दहा दिवस पूर्ण मुसलमानांची, एरवी दोघांत वाटलेली. वसाहतवाल्यांना शहरातून हलवावं का, यावर तेव्हा पंतप्रधान राबिन यांच्या सरकारात खल झाला, पण हलवलं नाही. माझ्या मते ओस्लोची खरी संधी तिथेच हुकली, व्हाइट हाउसच्या हिरवळीवरचं राबिन-अराफत हस्तांदोलन होऊन जेमतेम पाच महिने झाले असताना. पावणेदोन वर्षांनी, १९९५च्या नोव्हेंबरात, राबिनच मारले गेले, तेही एका ज्यू अतिरेक्याकडून.

बाजारातून चालताना डोक्यावर तारेची जाळी. वरच्या मजल्यांवर वसाहतवाले राहतात. जाळीत बाटल्या, विटांचे तुकडे, पिशव्या अडकलेल्या. खाली माणसं शांतपणे काकड्या विकत होती.

शुहादा रस्त्याच्या तोंडाशी पॅलेस्टिनी गाईड थांबला. "मी इथवरच. तुम्ही जा, मी वळसा घालून पलीकडे भेटतो." त्याच्या आजोबांचं दुकान या रस्त्यावर होतं म्हणे. आम्ही परदेशी मजेत निघालो. दोन्ही बाजूंना हिरवी लोखंडी दारं, बरीचशी वेल्डिंगनं बंद केलेली. १९९७च्या करारात हा रस्ता खुला करायचं ठरलं होतं, अमेरिकेच्या पैशानं फरसबंदी वगैरेही झाली. मग दुसरा इंतिफादा (पॅलेस्टिनी उठाव) पेटला आणि रस्ता पुन्हा बंद. बेत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संस्थेच्या २००६च्या पाहणीत एच-२च्या मध्यभागातली १,८२९ दुकानं बंद आढळली, त्यातली निदान ४४० थेट लष्करी हुकुमानं. ७ ऑक्टोबर २०२३नंतर तर इथल्या काही मोहल्ल्यांना ठरावीक दिवशी ठरावीक तासच घराबाहेर पडता येत होतं.

दुपारचा गाईड आम्हाला बेत हदासा या वसाहतवाल्यांच्या इमारतीतल्या संग्रहालयात घेऊन गेला. विषय १९२९: ऑगस्टमध्ये इथल्या अरब जमावानं ६७ ज्यू मारले, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली वस्ती उठली. फोटोंतली मुलं बघवत नाहीत. चारशेहून अधिक ज्यूंना अरब शेजाऱ्यांनीच घरात लपवून वाचवलं, हे त्यानं सांगितलं, पण मी विचारल्यावर. सकाळच्या गाईडनंही १९२९ एका वाक्यात उरकलं होतं. दोन्ही बाजू ऐकल्या की मत संतुलित होतं, असं सहलीच्या पत्रकात छापलं होतं. माझं झालं नाही. दुःख दोघांचंही खरं, पण एकाच गल्लीत एकाला इस्रायलचा नागरी कायदा आणि दुसऱ्याला लष्करी कायदा लागू होतो, हे काही दुःखाच्या तराजूत बसत नाही.

करारावर नजर ठेवायला नॉर्वे, इटली, स्वीडन, तुर्कस्तान अशा देशांचे निरीक्षक १९९७पासून इथे गस्त घालायचे. अहवाल लिहायचे, ते जाहीर व्हायचे नाहीत. आम्ही पोहोचलो त्याच वर्षी जानेवारीत नेतान्याहूंनी त्यांची मुदत वाढवायला नकार दिला होता.

१९९७च्या कराराबद्दल मी दोघांनाही विचारलं. इस्रायली गाईडचं म्हणणं, अब्राहामच्या गावाचा चार पंचमांश भाग देऊन टाकला, ही शरणागती होती. पॅलेस्टिनी गाईडनं जेवताना, मकलूब्याचं (मसालेदार भाताचं) पातेलं परातीत उलटं करता करता सांगितलेलं, की जो पाचवा हिस्सा ठेवला तेच शहराचं काळीज. मग फाडून टाकावा का तो करार? "फाडून त्याच्या जागी काय ठेवणार?" असं पॅलेस्टिनी गाईड म्हणाला आणि मला अजून भात वाढला. इस्रायली गाईडला हाच प्रश्न घातला, तर त्यानं घड्याळ पाहिलं. परतीच्या बसला चार मिनिटं होती.