युगो सुटला तेव्हा

क्रूझच्या जहाजावर कुणाची ‘पियर टीम’ला ड्यूटी लागली की बाकीचे क्रू हेवा करतात. दिवसभर किनाऱ्यावर, म्हणजे मजाच मजा! प्रत्यक्षात सकाळी धक्क्यावर तंबू ठोकायचा, थंड पाणी मांडायचं, शेवटची बोट किती वाजता सुटणार त्याचा फलक लावायचा आणि मग संध्याकाळपर्यंत ‘टॉयलेट कुठे आहे’ या एकाच प्रश्नाला हसतमुखाने उत्तर द्यायचं. क्रोएशियातल्या दुब्रोवनिकला तो ऑक्टोबरातला दिवसही असाच सुरू झाला.

तिथे मोठी जहाजं एरवी ग्रुझ बंदरात धक्क्याला लागतात. त्या दिवशी ग्रुझमध्ये जागा नव्हती, म्हणून आम्ही लोकरुम बेट आणि जुनं शहर यांच्या मधल्या पाण्यात नांगर टाकला. गेस्टना टेंडर, म्हणजे जहाज ते किनारा ने-आण करणाऱ्या छोट्या बोटींतून थेट जुन्या बंदरात सोडायचं. मला विचाराल तर या शहरात शिरायची हीच खरी वाट. समोर जवळपास दोन किलोमीटर घेराचा दगडी तट, डाव्या हाताला सेंट जॉनचा बुरूज आणि वर कौलंच कौलं. कौलांचे रंग दोन आहेत, फिकट आणि भडक. भडक दिसतात ती १९९१-९२च्या युद्धात युगोस्लाव्ह सैन्याने घातलेल्या वेढ्यातल्या तोफगोळ्यांनंतर नव्याने घातलेली.

दुपारपर्यंत हवा एकदम जड झाली. अंगाला चिकटणारा दमटपणा, आकाश राखाडी. मी वेंगुर्ल्याचा, त्यामुळे दक्षिणेकडून असं काही यायला लागलं की नाकाला आधी कळतं. आमचा तिथला पोर्ट एजंट, पन्नाशीतला मितभाषी माणूस, समुद्राकडे बघून एवढंच म्हणाला, “युगो.” आग्नेयेकडून येणारा हा वारा एड्रियाटिक समुद्राचं पाणी ढकलत आणतो आणि जुन्या बंदराच्या तोंडाशी मोठी डोल उठवतो. दुब्रोवनिक स्वतःच एक प्रजासत्ताक होतं त्या काळात युगो वाहत असताना सभा मोठे निर्णय घेत नसे आणि या वाऱ्यात घडलेल्या गुन्ह्याला शिक्षाही सौम्य होई, असं इथले लोक सांगतात. खरं असो नसो, त्या दिवसानंतर मला ते पटतं.

साडेतीनच्या सुमारास एक टेंडर जहाजाच्या प्लॅटफॉर्मला लागताना अशी काही वरखाली झाली की कप्तानाने वॉकी-टॉकीवरून टेंडर सेवा थांबवली. निर्णय बरोबरच होता. एक पाय बोटीत आणि एक प्लॅटफॉर्मवर असताना बोट मीटरभर खाली गेली, तर पुढचं सांगायला नको. पण हजाराच्या आसपास माणसं किनाऱ्यावर होती आणि त्यांचं जहाज समोर, पोहत जावं इतक्या अंतरावर दिसत होतं. माणूस सर्वांत जास्त चिडतो तो अशा वेळी. जहाज दिसत नसतं तर निम्मी कटकट कमी झाली असती.

मग पाऊस आला. धक्क्यावर लाटा चढू लागल्या तशी आम्ही रांग मागे प्लोचे दरवाज्याकडे नेली. गोव्यातल्या गवंडाळीचा एक सहकारी माझ्याबरोबर होता. कर्ण्यावर सूचना ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला. तटावर जागोजागी या शहराचा रक्षक संत उभा आहे, हातावर शहराची छोटी प्रतिकृती घेतलेला. इथे त्याला स्वेती व्लाहो म्हणतात. सहकारी घोगऱ्या आवाजात म्हणाला, “हा तर आमचा साव ब्राझ!” गवंडाळीला त्याचं चर्च आहे. दुब्रोवनिकचं जुनं नाव रागुसा. तिथून सोळाव्या शतकात गोव्याला आलेल्या व्यापाऱ्यांशी त्या चर्चचं नातं सांगतात. शिवाय हा संत घशाच्या दुखण्यांवरचा. सहकाऱ्याने हात जोडले, पण आवाज काही परत आला नाही. कर्णा माझ्याकडे आला.

म्हाताऱ्या माणसांना पावसात किती वेळ उभं ठेवणार? एजंटाने कुणाला तरी फोन करून लाझारेतीची दोन दालनं उघडून घेतली. प्लोचे दरवाज्याबाहेरची ही सतराव्या शतकातली लांबट दगडी दालनं म्हणजे या शहराचं विलगीकरण केंद्र. साथीच्या मुलखातून येणाऱ्यांनी तीस दिवस बाहेर राहिल्याशिवाय शहरात पाऊल टाकायचं नाही, असा नियम दुब्रोवनिकने १३७७ मध्येच केला होता. तेव्हा माणसं त्साव्तात गावात किंवा मर्कान बेटावर थांबायची. लाझारेती खूप नंतरची. आमची अडचण उलटी होती. आमच्या माणसांना शहरातून बाहेर पडायचं होतं.

थांबण्याबद्दल मला फारसं कुणी शिकवायला नको. २०२० मध्ये आम्ही क्रू मुंबईबाहेर जहाजावर अडकलो होतो. रात्री शहराचे दिवे दिसायचे, उतरायची परवानगी नव्हती. एका गेस्टने मला “ही कसली वागणूक” म्हणून बोट नाचवत झापलं, तेव्हा ते सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही, ते आमच्या कामात बसत नाही. एजंट मात्र शेजारी उभा राहून ऐकत होता. गेस्ट गेल्यावर मला म्हणाला, “एक्क्याण्णवच्या ऑक्टोबरात आमचं पाणी आणि वीज गेली. डिसेंबर संपेपर्यंत आम्ही वाट बघितली.” एवढं बोलून तो पुन्हा फोनवर बसचं बघायला लागला.

दालनात एक मराठी जोडपं बसलं होतं. आजींनी माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं.

“कुठला रे तू?”

“वेंगुर्ल्याचा, आजी.”

“मगे तू आमचोच! माझा म्हायार रेडीचा.”

पुढे गप्पा रंगायच्या, पण आजोबांच्या कपाळावर घाम आणि हाताला कंप दिसला. मधुमेहाची गोळी सकाळी घेतलेली, जेवण जहाजावर परतून करायचं ठरलेलं, आणि आता पाच वाजून गेले होते. मी वॉकी-टॉकीवर जहाजाच्या डॉक्टरांना गाठलं. आधी साखर, मग काहीतरी पोटात, असं त्यांनी सांगेपर्यंत आजींनी पर्स उघडली होती. आत नाश्त्याच्या टेबलावरून रोज उचललेल्या साखरेच्या पुड्या! “हे मला रोज हसतात,” असं म्हणत त्यांनी चार पुड्या पाण्यात ढवळल्या. वर पोह्यांचा चिवडा. पंधरा-वीस मिनिटांत आजोबा इतके ताळ्यावर आले की चिवड्यात मीठ कमी आहे म्हणाले.

अंधार पडता पडता निरोप आला. ग्रुझमधलं एक जहाज निघालं होतं. आमचं जहाज नांगर उचलून वळसा घालून तिथे जाणार. मोठ्या बस पिले दरवाज्यापाशी, म्हणजे शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला मिळणार होत्या. ज्यांना चालवत नव्हतं त्यांच्यासाठी एजंटाने प्लोचेला व्हॅन आणवल्या. बाकीचे सगळे स्त्रादुन ओलांडून पायी. हा शहराचा मुख्य रस्ता चुनखडीच्या दगडाचा आहे. शतकानुशतकं पायांनी घासून तो आरशासारखा झालाय आणि पावसात नुसता निसरडा. आम्ही क्रू दुतर्फा उभे राहिलो आणि “सावकाश, सावकाश” करत माणसं पुढे सरकवली. आजींनी व्हॅन साफ नाकारली. सकाळच्या गर्दीत काहीच दिसलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. १६६७च्या भूकंपानंतर एकाच उंचीची बांधलेली घरं, ओल्या दगडावर पडलेला दिव्यांचा उजेड. आजोबांचा हात धरून त्या प्रत्येक दुकानाच्या दाराशी थांबत होत्या आणि मागची रांग तुंबत होती.

रात्री दहानंतर गँगवेवर, म्हणजे जहाजात चढायच्या वाटेवर, शेवटच्या गेस्टचं कार्ड वाजलं आणि यादी जुळली. तंबू, फलक, पाण्याचे डबे, सगळं परत आलं. फक्त कर्णा तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर तक्रारींचा गठ्ठा होता. बऱ्याच जणांना पैसे परत हवे होते. आजींनी मात्र फॉर्मवर मराठीत लिहून दिलं होतं, त्यामुळे मॅनेजरने भाषांतराला मला बोलावलं. रात्रीचं शहर दाखवल्याबद्दल आभार, पण एवढ्या वेळात कुणी चहा विचारला नाही, हे बरं नव्हे.