तेवीस तासांचा दिवस

केप टाउन मागे पडलं की दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी जहाजाच्या स्पीकरवरून घोषणा होते: आज रात्री दोन वाजता सर्वांनी आपापली घड्याळं एक तास पुढे करावीत. म्हणजे दोनचे थेट तीन. सकाळचा आठचा वर्ग मात्र आठलाच. घोषणा करणाऱ्याचा आवाज इतका गोड असतो की पहिल्या खेपेला माणूस मान डोलावून ऐकून घेतो. चौथ्या-पाचव्या खेपेला जेवणघरात हलकासा कण्हण्याचा आवाज उठतो.

आमचा मार्ग असा होता: युरोपातून निघून पश्चिम आफ्रिका, आफ्रिकेच्या टोकाला वळसा, मॉरिशस, कोची, व्हिएतनाम, जपान, हवाई आणि शेवटी कॅलिफोर्निया. तरंगत्या विद्यापीठाचं, म्हणजे जहाजावरच राहून शिकायचं, शंभरएक दिवसांचं एक सत्र. बंदरांबद्दल ढिगाने लिहिलं गेलंय, तिथले फोटोही सगळ्यांनी पाहिलेत. मला लिहायचंय ते या कापल्या गेलेल्या तासांबद्दल. जहाजावर शिकायला जाणाऱ्यांना लोक लाटांची भीती घालतात. घड्याळाची कुणी घालत नाही, आणि माझ्या मते छळतं तेच.

हिशोब सोपा आहे. पूर्वेला जाताना दर १५ रेखांशांना एक तास जातो. विषुववृत्तावर १५ रेखांश म्हणजे ९०० सागरी मैल. जहाज १६ नॉटने, म्हणजे ताशी १६ सागरी मैलांनी, चाललं तर दिवसाला ३८४ सागरी मैल कापतं, म्हणजे साधारण सव्वादोन-अडीच दिवसांनी एक तास. उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलं की रेखांश एकमेकांजवळ येतात. ३५ अंश अक्षांशावर तेच अंतर ७३७ मैलांवर येतं आणि तास दोन दिवसांच्या आतच जातो. पश्चिमेला जाणाऱ्यांना हाच तास बक्षीस मिळतो, दिवस पंचवीस तासांचा होतो. माणसाच्या शरीरातलं घड्याळ मुळातच चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. त्यामुळे उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जमत नाही. विमानाने एकदम सहा तास उडी मारली तर चार-पाच दिवस त्रास होतो आणि संपतो. जहाजावर त्रास हप्त्याहप्त्याने येतो आणि पुरा फिटायच्या आत पुढचा हप्ता लागतो.

तरंगत्या विद्यापीठाची कल्पना शंभर वर्षांची आहे. सप्टेंबर १९२६मध्ये ‘रिंडाम’ नावाचं जहाज न्यूयॉर्कसमोरच्या होबोकेनहून सुमारे पाचशे विद्यार्थी घेऊन जगाच्या फेरीला निघालं आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात परतलं. ते पनामामार्गे जपानकडे, म्हणजे पश्चिमेला गेलं. सात-साडेसात महिने त्या पोरांना अधूनमधून एक तास जास्तीची झोप मिळत राहिली. निवड तुमच्या हातात असेल तर पश्चिमेला जाणारी फेरी घ्या. बंदरं बहुतेक तीच असतात, फक्त उलट क्रमाने.

वेळापत्रकाकडे येतो. वर्ग फक्त समुद्रावर. जहाज बंदरात असताना एकही नाही. शंभरातले साधारण अर्धे दिवस समुद्रावर जातात, त्यामुळे सोमवार-मंगळवार ही भानगडच ठेवलेली नसते. ‘ए दिवस’ आणि ‘बी दिवस’, आलटून पालटून. रविवारीही वर्ग. प्रत्येक विषयाचा वर्ग एक दिवसाआड, जवळजवळ सव्वा तासाचा, आणि सत्रभरात त्याचे मोजून दोन डझन वर्ग. एक चुकला तर किनाऱ्यावरच्या कॉलेजातला जवळपास अर्ध्या आठवड्याचा अभ्यास गेला असं समजा. शिवाय प्रत्येक विषयाचा एक वर्ग बंदरात, दिवसभराचा, सक्तीचा. तो आधी कॅलेंडरवर नोंदवा आणि मगच भटकंती ठरवा. बहुतेक जण उलट करतात, मग भरलेली तिकिटं वाया घालवतात.

फोनवर विसंबून राहू नका. भर समुद्रात टॉवर नसतो, त्यामुळे ‘आपोआप वेळ’ लावलेला फोन मागच्या देशातच राहतो. किनाऱ्याजवळून जाताना एखाद्या टॉवरचा वास लागला की तो अचानक तिथली वेळ दाखवू लागतो, जी जहाजाची वेळ असेलच असं नाही. आपोआप वेळ बंद करा, विमान-मोड चालू ठेवा. जहाजावर उपग्रहाला जोडलेलं मोबाइल नेटवर्क असेल आणि फोन चुकून त्याला चिकटला तर बिल पाहून डोळे पांढरे होतात. मनगटावर साधं काट्याचं घड्याळ हवं, रात्री झोपण्यापूर्वी हाताने पुढे करायचं. निबंध देण्याची मुदतही कागदावर जहाजाच्या वेळेत लिहून काढा. किनाऱ्यावरच्या विद्यापीठाची यंत्रणा मुदत तिथल्या वेळेत दाखवते, लॅपटॉप ती स्वतःच्या वेळेत फिरवून दाखवतो, आणि दोघांपैकी कुणालाच जहाज कुठे आहे ते ठाऊक नसतं.

मॉरिशस ते कोची हा टप्पा गमतीचा. मॉरिशसची वेळ ग्रिनिचच्या चार तास पुढे, भारताची साडेपाच. म्हणजे एकदा तास आणि एकदा अर्धा तास. अर्ध्या तासाच्या रात्री निम्मं जहाज घड्याळ चुकवतं, कारण ‘पुढे करा’ एवढंच लक्षात राहतं. मालवाहू जहाजांवर काही ठिकाणी एक तास तीन पाळ्यांमध्ये वीस-वीस मिनिटांनी वाटून घेतात, म्हणजे एकाच पाळीवर भार पडत नाही. विद्यार्थ्यांच्या बाबतीत असं शहाणपण कुणी का करत नाही, हा माझा जुना प्रश्न.

बोट लागण्याबद्दल थोडं लिहावंच लागेल, कारण झोप आणि बोट लागणं यांचं साटंलोटं आहे. जागरण झालेल्या माणसाला ती लवकर लागते. आमच्या मार्गावर सगळ्यात खवळलेला भाग दक्षिण आफ्रिकेच्या टोकाचा. तिथे अगुल्हास प्रवाह किनाऱ्याला समांतर नैर्ऋत्येकडे वाहतो आणि दक्षिण महासागरातून उठलेल्या लांब लाटा नैर्ऋत्येकडूनच त्याच्यावर चालून येतात. दोघे समोरासमोर आले की लाटांमधलं अंतर कमी होतं, उंची वाढते, लाट उभी होते. जहाज चढतं आणि आपटतं. केबिन निवडता येत असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची घ्या. सी-सॉच्या फळीच्या मधोमध बसल्यासारखं असतं ते. नाळेकडची खोली म्हणजे टोकाला बसणं. खिडकीचा मोह इथे महाग पडतो.

औषधांची पंचाईत वेगळीच. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची चकती तीन दिवस चालते आणि त्रास सुरू होण्याच्या किमान चार तास आधी लावावी लागते. पण तिने जवळचं अंधुक दिसू शकतं, म्हणजे पुस्तक हातात आणि अक्षरं पसरलेली. लावल्यावर हात धुतले नाहीत आणि डोळा चोळला तर बाहुली मोठी होऊन त्या डोळ्याचं वाचन दिवसभरासाठी संपलंच. मेक्लिझिनची गोळी तासभर आधी घ्यायची. तिने झोप येते, त्यामुळे ती रात्री बरी, आठच्या वर्गाआधी नाही. घरून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून एकेक करून पाहा. परीक्षेच्या सकाळी पहिला प्रयोग करू नये. आणि वर्ग चालू असताना मळमळलं तर वही मिटा, क्षितिजाकडे बघा, सरांकडे नंतर. सर बहुधा स्वतःच टेबल धरून उभे असतात.

आता बंदर. जहाज सकाळी सहाला धक्क्याला लागलं म्हणजे सहाला खाली उतरता येतं, हा समज पक्का खोटा. आधी जहाजावर पिवळा झेंडा असतो: आम्ही निरोगी आहोत, आम्हाला येऊ द्या. आरोग्याची मंजुरी, मग इमिग्रेशन. काही देशांत अधिकारी वर येऊन प्रत्येकाचा चेहरा पासपोर्टशी ताडून बघतात. सहाशे चेहरे म्हटले तर दोन-तीन तास सहज. पहिल्या दिवशी दुपारपूर्वीचं काहीही आरक्षित करू नका. परतीला उलट: शिडी निघायच्या दोन तास आधी वर असणं हा नियम, आणि उशीर झाला तर पुढच्या बंदरात तितके, खरं तर त्याच्या कित्येक पट, तास जहाजावर बसून काढायचे. मला हा नियम क्रूर वाटत नाही. जहाज सुटलं तर पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं, आणि त्या देशाचा व्हिसा ज्या पासपोर्टवर आहे तो बहुतेक वेळ जहाजाच्या तिजोरीत असतो. हे ऐकून माणूस आपोआप वेळेवर येतो.

व्हिसाच्या सूचना ज्या देशाचे विद्यार्थी जास्त, त्यांच्या पासपोर्टसाठी लिहिलेल्या असतात. तुमचा पासपोर्ट वेगळा असेल तर प्रत्येक देशाच्या दूतावासाचं पान स्वतः वाचा, आणि निघण्यापूर्वी सगळे व्हिसा हातात ठेवा. मधेच पासपोर्ट पाठवून व्हिसा मागवायची सोय नसते. युरोपातली दोन-तीन बंदरं असतील आणि मध्ये जहाज शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांबाहेर, जाणार असेल तर अनेक प्रवेशांचाच व्हिसा हवा. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी. २०१६पासून तिचा दाखला आयुष्यभर चालतो. घानाहून येणाऱ्याला दक्षिण आफ्रिका तो मागते, आणि भारत तर दाखल्याशिवाय आलेल्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतो. या दाखल्याची मूळ पिवळी पुस्तिका पासपोर्टसोबत ठेवा, फोनमधला फोटो चालत नाही.

सामानाबद्दल फार नाही. केबिनच्या भिंती आतून पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे आकडे डझनभर न्या; टेबलावर ठेवलेली प्रत्येक वस्तू कधीतरी जमिनीवर येणार. लॅपटॉपखाली रबरी जाळीचा तुकडा. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, चढतानाच काढून घेतात: जहाजाची वीजजोडणी किनाऱ्यासारखी जमिनीशी बांधलेली नसते, आणि असा बोर्ड तापून पेट घेऊ शकतो. जहाजावर आगीला सगळेच घाबरतात. ‘क्वीन एलिझाबेथ’ हे अवाढव्य जहाज तरंगतं विद्यापीठ बनवायला घेतलं होतं. ९ जानेवारी १९७२ रोजी हाँगकाँगच्या बंदरात ते काम पुरं होण्याआधीच जळून आडवं झालं. सात छोटे आणि एक लांब भोंगा ऐकला की कवायत असली तरी लाइफजॅकेट घेऊन निघायचं. कंटाळा येतो. तरी निघायचं.

व्हिएतनाम, जपान. छान.

आणि मग तो टप्पा, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. योकोहामा ते होनोलुलू सुमारे ३४०० सागरी मैल, १६ नॉटने नऊ दिवस. या नऊ दिवसांत पाच तास जातात. जपानच्या पहाटे तीन वाजता हवाईत सकाळचे आठ वाजलेले असतात. त्यानंतर कॅलिफोर्नियापर्यंत आणखी सहा दिवस आणि हिवाळ्यात आणखी दोन तास. पंधरा समुद्री दिवसांत सात तास, आणि अंतिम परीक्षा नेमक्या इथेच, कारण सत्राचा शेवट इथेच येतो. उत्तर पॅसिफिक डिसेंबरात शांत नसतो ते वेगळंच. यावर उपाय एकच, आणि तो कुणाला आवडत नाही: जपान सोडल्याच्या पहिल्या रात्रीपासून घोषणेची वाट न बघता रोज अर्धा तास आधी झोपायचं आणि अर्धा तास आधी उठून डेकवर उजेडात उभं राहायचं. डोळ्यांवर पडलेला सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ पुढे करतो. संध्याकाळचा उजेड मागे. रात्री केबिनमध्ये चित्रपट बघत बसलात तर सगळं मुसळ केरात. दुपारची झोप वीस मिनिटांपेक्षा लांबवू नका. शेवटचे दोन निबंध जपानच्या आधीच लिहून टाका, कारण होनोलुलूजवळ डोकं चालेल असं गृहीत धरण्यात अर्थ नाही.

या सगळ्या कापल्या गेलेल्या तासांच्या बदल्यात पॅसिफिकमधल्या आंतरराष्ट्रीय वाररेषेवर एक अख्खा दिवस परत मिळतो. तीच तारीख, तोच वार, दोनदा. पश्चिमेला जाणाऱ्यांचा इथे एक दिवस गळतो. मॅगेलनच्या ताफ्यातलं ‘व्हिक्टोरिया’ पृथ्वीला पश्चिमेच्या दिशेने फेरी मारून जुलै १५२२मध्ये केप व्हर्देला पोचलं, तेव्हा जहाजाच्या नोंदवहीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. त्यांनी रोजची नोंद चुकवली नव्हती, तरी एक दिवस कमी भरला. आपल्याला उलट, एक जास्त भरतो. हिवतापाच्या गोळ्या चालू असतील तर या दिवशी हमखास घोळ होतो: गोळ्यांच्या डबीवर वार छापलेले असतात, आणि तो वार ‘आधीच घेतला’ म्हणून दुसऱ्या दिवशीची गोळी सुटते. डॉक्सिसायक्लिन हिवतापाचा भाग सोडल्यावरही चार आठवडे रोज घ्यावी लागते, म्हणजे ती इथे चालू असणारच. वार सोडा, सूर्य मोजा. उगवला की एक.

त्या दुसऱ्या दिवशी बहुधा वर्ग नसतात, अभ्यासाला सुट्टी असते. वाचनालयात सकाळी सातलाच जागा संपते. झोपायला उरतात त्या मागच्या डेकवरच्या खुर्च्या. वाऱ्यामुळे तिथे कुणी जात नाही. केबिनमधलं जाड पांघरूण घेऊन जा, आणि खुर्ची कठड्याला बांधलेली आहे ना ते आधी बघा.